न्हाणीघराची दुरुस्ती आणि घरचा हिशेब

आमच्या सासूबाई गेल्या माघात न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडले नाही एवढे नशीब. पण मनगट चांगले सुजले, आणि त्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसली. एक्याऐंशी वर्षांच्या या बाई जन्मभर पहाटे उठून पहिल्या पाण्याने अंघोळ करीत आल्या. त्या आता "आज राहू दे गं, ओल्या पंचाने पुसून घेते," असे म्हणू लागल्या. तेव्हा वर्षानुवर्षे 'करू कधीतरी' म्हणून मागे पडलेले काम एका दिवसात 'आता केलेच पाहिजे' या सदरात आले.

आम्ही आकुर्डीला राहतो. सोसायटीत पहिला मजला, इमारत 1991 सालची. त्या काळी पिंपरी-चिंचवडमध्ये घरे अशी उभी राहिली की कारखान्यातल्या माणसाने पतपेढीचे कर्ज काढावे, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यावी, बायकोच्या पाटल्या ठेवाव्यात, आणि छप्पर मिळाले की देवाला नारळ फोडावा. न्हाणीघर कसे आहे हे पाहायला कोणाला सवड होती? आमचे न्हाणीघर पाच फूट बाय सात फूट. खाली गुळगुळीत झालेली फरशी, भिंतीला कंबरेइतक्या पांढऱ्या टाइल्स, आणि दाराला खालून कुजलेली लाकडी चौकट. संडास शेजारीच, पण वेगळा आणि उकिडवे बसायचा. खालच्या मजल्यावरच्या वहिनी अधूनमधून वर येऊन म्हणत, "आमच्या छताला पुन्हा ओल धरलीय हो!" आणि आम्ही दर वेळी पांढरे सिमेंट आणून फरशीच्या सांध्यांत भरत असू. तो उपाय म्हणजे फाटक्या धोतराला गोंद लावण्यातला होता.

न्हाणीघराचे काम काढायचे म्हटले की माणूस उठतो आणि टाइल्सच्या दुकानात जातो. आम्हीही गेलो. पिंपरी कॅम्पात, चिंचवड स्टेशनकडे, भोसरीत अशी एकेक टोलेजंग दुकाने आहेत की दोन तासांत डोके फिरते. संगमरवरासारखी, लाकडासारखी, समुद्राच्या लाटांसारखी. आणि त्यातला बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून आलेला. आम्ही काहीही न घेता घरी आलो, हेच त्या दिवशीचे शहाणपण. कारण टाइल ही शेवटची गोष्ट. न्हाणीघरात जे डोळ्यांना दिसते त्यावर आपण भांडतो, आणि जे भिंतीत आणि जमिनीत गाडले जाते तेच पुढे पंचवीस वर्षे सुख किंवा दुःख देते.

म्हणून पहिले काम कागदावरचे. घरातली सगळी माणसे एका संध्याकाळी बसवली आणि विचारले, "तुम्हाला या खोलीत काय पाहिजे?" आमच्या यांना गरम पाण्याचा फवारा हवा होता. चाकणला कामाला जाणाऱ्या मुलाला पहिल्या पाळीच्या दिवशी पहाटे पाचला लवकर गरम होणारे पाणी. सुनेला आरसा, फळी आणि कपडे अडकवायला खुंट्या. मला बादल्या आणि पिंप ठेवायला जागा. पिंप कशाला, असे दुसऱ्या गावचा माणूस विचारील. आमच्या शहरात 2019 च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झाले, त्यानंतर पिंप हा घरातला एक माणूसच झाला आहे. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "धरायला काहीतरी असू दे." आमच्या सगळ्या याद्यांपेक्षा ते चार शब्द मोलाचे ठरले.

त्यांच्यासाठी न्हाणीघरातच एक कमोड बसवायचा, शेजारचा जुना संडास तसाच ठेवायचा, असे ठरले. इथे एक सूचना करून ठेवते. पुष्कळ लोक संडास आणि न्हाणीघर यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली करतात. दिसायला छान दिसते. पण ज्या घरात पाच माणसे आहेत आणि सकाळी कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही, तिथे दोन दारे दोन कामे करतात, एक दार एकच करते. शिवाय कुठलीही भिंत पाडण्यापूर्वी ती भार घेते की नाही हे जाणत्या माणसाने पाहिलेले बरे. सोसायटीला तर आधी लेखी कळवायलाच हवे. मिस्त्री म्हणतो "काही होत नाही" यावर विसंबू नये.

आता मोजमाप. फूटपट्टी किंवा टेप घ्या, आणि हे काम दुकानदारावर सोडू नका. आमचे गणित सांगते, म्हणजे रीत कळेल. जमीन पाच गुणिले सात, म्हणजे 35 चौरस फूट. भिंतींचा घेर चोवीस फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची, म्हणजे 168 चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की उरले 150.5. तुटफूट आणि काप यांसाठी दहा टक्के जास्त धरायचे, झाले 165.5. भिंतीसाठी आम्ही घेतली ती एक बाय दोन फुटांची टाइल, एका पेटीत पाच, म्हणून दुकानदार म्हणाला, "पेटीला दहा फूट, सतरा पेट्या न्या."

मुलगा हिशेबी. त्याने पेटीवरचे बारीक अक्षर वाचले. त्यावर 300 बाय 600 मिलिमीटर असे होते. फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर, तेव्हा बाजारातली 'फुटी' टाइल ही खरी फूटभर नसते. पाच टाइल्सचे क्षेत्र दहा नव्हे तर 9.69 चौरस फूट भरते. सतरा पेट्यांचे झाले 164.7, म्हणजे फूटभर कमीच. अठरा पेट्या लागणार. फरक क्षुल्लक वाटेल, पण काम संपत आले असता शेवटच्या कोपऱ्यात दोन टाइल्स कमी पडल्या, आणि पुन्हा दुकानात गेल्यावर त्याच नावाची पण किंचित वेगळ्या छटेची पेटी मिळाली, असे कितीतरी घरांत झाले आहे. प्रत्येक पेटीवर बॅचचा आणि छटेचा क्रमांक छापलेला असतो. सगळ्या पेट्यांवर तो एकच आहे ना, हे टेम्पोत चढवण्यापूर्वी पाहावे. जमिनीसाठी फूट बाय फूट, चार पेट्या. मात्र चकचकीत नव्हे, खरखरीत. दुकानात त्या टाइलवर पाणी ओतायला सांगा आणि अनवाणी पायाने घासून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या.

भावाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न न लाजता विचारावा: हा दर करासहित की कराविना? टाइल्सवर वस्तू व सेवा कर 18 टक्के आहे. चाळीस रुपये फूट ऐकून माणूस खूश होतो आणि बिलात ते 47 रुपये 20 पैसे होतात. सिमेंटवर पूर्वी 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वर आला. जुन्या दराने अंदाज दिलेला असेल तर तेवढे तपासून घ्यावे.

मग आम्ही तीन जणांकडून अंदाज मागवले. पहिल्याने खोलीभर नजर फिरवून सांगितले, "नव्वद हजारांत सगळं करून देतो, काकू." दुसऱ्याने एक लाख चाळीस. तिसऱ्याने आकडाच सांगितला नाही; त्याने टेप काढली, खालच्या वहिनींच्या छताची ओल पाहून आला, डक्टमधले नळ पाहिले, आणि दोन दिवसांनी वहीच्या पानावर कलमवार लिहून आणले. आमचे हे आधी नव्वद हजारवाल्याकडे झुकले होते. पण मी त्याला बसवून एकेक विचारले. जुने फोडल्यावर राडारोडा कोण उचलणार? "तो तुमचा." वॉटरप्रूफिंग? "केमिकल वेगळं." पाइप? "मजुरी माझी, माल तुमचा." दार? "ते यात नाही." असे मिळवत गेलो तर तो एक लाख पंचविसाच्या पुढे गेला. तेव्हा अंदाजांची तुलना करायची तर आधी सगळ्यांना एकच यादी द्यावी, आणि प्रत्येक कलमापुढे 'माल कोणाचा, मजुरी कोणाची' हे लिहून घ्यावे. तोंडी 'सगळं' या शब्दाला काही अर्थ नसतो.

आमच्या वहीतले आकडे सांगते, पण ते आमच्या घरचे. तुमच्याकडे माल आणि मजुरी निराळी पडेल. फोडणे आणि राडारोडा 11,000. वॉटरप्रूफिंग आणि कोबा 16,000. नळकाम, मालासह 21,000. टाइल्स कर धरून 10,440 आणि त्या बसवण्याची मजुरी 11,100. सिमेंट, वाळू, टाइल चिकटवण्याचा मसाला मिळून 9,000. कमोड आणि बेसिन 13,000. तोट्या आणि फवारा 9,500. विजेचे काम 6,000. दार चौकटीसह 9,000. धरायचे दांडे 2,400. बेरीज एक लाख अठरा हजार चारशे चाळीस. या आकड्यांकडे नीट पाहा. ज्या टाइल्ससाठी आपण चार रविवार दुकाने पालथी घालतो, त्या सगळ्या खर्चाच्या अकराव्या हिश्शाहूनही कमी आहेत! आणि ज्याने सासूबाई पुन्हा उभ्या राहिल्या ते दांडे पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. काटकसर करायची झाली तर तोट्यांच्या नक्षीत करावी, कोब्यात आणि पाइपात करू नये. तोटी बदलायला अर्धा तास लागतो. पाइप बदलायला भिंत फोडावी लागते.

या बेरजेवर आम्ही पंधरा टक्के, म्हणजे 17,800 रुपये, वेगळ्या पाकिटात ठेवले. जुन्या घरात भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आमच्याकडे निघाला तो गंजलेला लोखंडी पाइप. अर्ध्या इंचाच्या नळात आतून इतका गंज साचला होता की शिसपेन्सिलसुद्धा जाईना. "पाणी बारीक येतं" म्हणून आम्ही इतकी वर्षे महापालिकेला बोल लावीत होतो! डक्टमधून येणारा तुकडाही बदलावा लागला. 7,500 त्यात गेले, आणि बिगाऱ्याचे दोन दिवस वाढले त्याचे 1,800. उरले 8,500. ते उरले याचा आनंद आणखी खर्च करण्यात घालवला नाही, हे आमच्या यांचे श्रेय.

पैसा कुठून आणायचा, यावर घरात थोडी वादावादी झाली. मुलगा म्हणाला, कर्ज काढू, हप्ते मी भरतो. पण ठेवीवर आपल्याला जे मिळते त्यापेक्षा कर्जावर आपल्याकडून जे जाते ते जास्त असते. तेव्हा दोन महिन्यांत मुदत संपणारी एक ठेव होती, तिच्यासाठी थांबलो. नोकरीतल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधीतूनही घराच्या कामाला पैसे काढता येतात. ती योजना 1952 सालची, आणि नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. पण तो म्हातारपणाचा पैसा. मुलगा तो काढायला निघाला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या म्हातारपणासाठी तुझं म्हातारपण कशाला मोडतोस?"

मुहूर्ताचेही असेच. फरशीचे पुष्कळ कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेशाकडचे. होळीला गावी गेले की पंधरा दिवस फोन लागत नाही. उलट ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते; त्या रात्री आमच्या घरी गावाकडची आठ-दहा वारकरी मंडळी उतरतात आणि पहाटे तीनपासून न्हाणीघरापुढे रांग लागते. तेव्हा होळीनंतर, पाडव्याला सुरुवात करून अक्षय्य तृतीयेच्या आत संपवायचे, असे ठरवले. तीन आठवडे न्हाणीघर बंद राहणार, म्हणून घरातल्या अंघोळी कुठे व्हायच्या हेही आधीच ठरवून ठेवावे. आम्ही स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेला जाड पडदा लावला, सासूबाईंना दोन गल्ल्या पलीकडे नणंदेकडे ठेवले, आणि मुलाने चक्क कंपनीत अंघोळ केली.

फोडकाम दोन दिवसांत झाले. राडारोड्याच्या गोणी भरल्या तेव्हा बिगारी म्हणाला, "मावशी, रात्री नदीकाठी टाकून येतो, स्वस्तात जाईल." पवना आणि इंद्रायणी यांचे काठ अशाच स्वस्ताईने भरत आले आहेत. मोशीला महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. तिकडे पाठवायचे थोडे जास्त पडले, ते आम्ही आधीच 11,000 मध्ये धरले होते.

यानंतरचा भाग महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची स्लॅब बहुधा इतर खोल्यांपेक्षा खाली दाबलेली असते. त्या खळग्यात नळ जातात आणि वर विटांचे तुकडे व सिमेंट घालून कोबा करतात. फरशीच्या सांध्यांतून पाणी हळूहळू आत झिरपते आणि या खळग्यात साठते. मग खालच्यांच्या छताला पोपडे येतात. पांढऱ्या सिमेंटने वरचे सांधे भरून काय होणार? पाणी आधीच आत जाऊन बसलेले असते. म्हणून सगळे उकरून स्लॅब उघडी करावी, झाडून धुऊन घ्यावी, वॉटरप्रूफिंगचा लेप द्यावा, तो भिंतीवर निदान फूटभर आणि अंघोळीच्या जागी माणसाच्या उंचीएवढा चढवावा, आणि जिथे पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथे तर हात राखू नये. गळतीचे मूळ दहांत आठ वेळा त्या पाइपाच्या गळ्याशी असते, असे आमचा मिस्त्री म्हणाला.

मग परीक्षा. बाहेर जाणारे तोंड बंद करून खोलीत दोन इंच पाणी भरायचे आणि निदान दोन दिवस तसेच ठेवायचे. पस्तीस चौरस फुटांत दोन इंच म्हणजे सुमारे 165 लिटर पाणी लागते. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे पाणी येण्याच्या दिवशीच जमवावे लागते. आम्ही भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली. दुसऱ्या सकाळी पाहतो तो पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली! मिस्त्री म्हणाला, "सुकलं असंल काकू, उन्हाळा हाय." पण मुलाने रात्रीच एक बादली पाण्याने भरून, तिलाही रेघ मारून, तिथेच कोपऱ्यात ठेवली होती. बादलीतले पाणी होते तिथेच होते. पस्तीस फुटांत अर्धा इंच म्हणजे एकेचाळीस लिटर. एवढे पाणी एका रात्रीत बंद खोलीत सुकत नाही. मिस्त्री बादलीकडे पाहत राहिला, मग हसला आणि म्हणाला, "बरोबर हाय." कमोडच्या नव्या पाइपाशी प्लंबरने लेप दिल्यानंतर पुन्हा छिन्नी चालवली होती, तिथून गळत होते. मिस्त्रीने ते स्वतःच्या खर्चाने उकरून पुन्हा केले. दुसऱ्या खेपेला तीन दिवस पाणी ठेवले. रेघ हलली नाही. खालच्या वहिनींना बोलावून त्यांच्याच हाताने त्यांचे छत चाचपायला लावले.

ही परीक्षा टाइल्स लागण्यापूर्वी होते तेव्हा चूक दोन हजारांची असते. नंतर कळली तर अर्ध्या लाखाची. म्हणूनच पैशाचे हप्तेही आम्ही कामाला बांधले होते: पाव हिस्सा सुरुवातीला, पाव पाण्याची परीक्षा उतरल्यावर, पाव टाइल्स लागल्यावर, आणि शेवटचा पाव दहा दिवस वापरून पाहिल्यावर. मिस्त्रीला हे आधी सांगितले तर त्याला राग येत नाही. मध्येच हात आखडला तर येतो, आणि तो रास्तच.

नळकामात थोडक्यात इतके. गरम पाण्याला सीपीव्हीसीचा पाइप लागतो; साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. न्हाणीचे सांडपाणी आणि कमोडचा मैला यांचे पाइप निराळे. कमोड आधी विकत घ्यावा आणि मग त्याच्या मापाने पाइपाचे तोंड काढावे. कारण भिंतीपासूनचे अंतर प्रत्येक नमुन्यात वेगळे. जमिनीतल्या जाळीखाली जे भांडे बसते त्याला देशभरचे प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा हा शब्द असा दूरदूर जाऊन नोकरी करतो आहे, याची मला मोठी गंमत वाटते. त्यात दोनेक इंच पाणी सदैव साठलेले असते, तेच गटाराची घाण हवा आणि झुरळे अडवते. महिनाभर गावी जाऊन आल्यावर न्हाणीघराला वास येतो तो त्यातले पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओता, वास गेला. फरशीचा उतार जाळीकडे, दर फुटाला निदान अष्टमांश इंच. आम्ही नातवाची गोटी चारी कोपऱ्यांतून सोडून पाहिली. तीन कोपऱ्यांतून ती जाळीकडे धावली, चौथ्यातून रेंगाळली. तेवढ्या चार टाइल्स ओल्या होत्या तोवरच उचलून पुन्हा बसवल्या.

आता दोन गोष्टी जिवाच्या. पहिली वीज. दोन हजार वॅटचा गिझर आठ-नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचे बटण न्हाणीघराबाहेर, आणि खरे अर्थिंग हवे. नुसता तीन छिद्रांचा प्लग म्हणजे अर्थिंग नव्हे. त्या जोडीला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली तर शॉक लागताक्षणी ती वीज तोडते. आमच्या 6,000 रुपयांतला मोठा भाग यातच गेला. दुसरी गोष्ट गॅसचा गिझर. पाणी झटपट तापते म्हणून पहिल्या पाळीवाल्या घरांत आणि चाकण, म्हाळुंगे, निघोजे भागातल्या भाड्याच्या खोल्यांत तो पुष्कळ दिसतो. बंद खोलीत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. गॅसचा गिझर ठेवायचाच तर तो खोलीबाहेर उघड्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. घरमालकांनी खोल्या बांधताना एवढे केले तरी पुरे.

दांडे बसवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंना नणंदेकडून मुद्दाम आणले. पुस्तकातल्या उंचीपेक्षा त्यांच्या कोपराची उंची घेतली. कमोडशेजारी एक आडवा, अंघोळीच्या जागी एक उभा. दोन्ही टाइलला नव्हे तर आतल्या विटेत खोलवर धरणारे. पक्के झाले की नाही हे पाहायला मुलगा दोन्ही हातांनी त्याला लोंबकळला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे केले आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी घेतली. कारण आत कोणी पडले तर ते माणूसच आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराला अडसर होते. हे सुचवले ते खालच्या वहिनींनी. त्यांच्या माहेरी तसे झाले होते.

रंगाविषयी काय सांगू? सून म्हणाली करडा, मी म्हणाले फिक्कट हिरवा, झाला पांढरा.

काम पाडव्यानंतर सव्वीस दिवसांनी संपले. ठरले होते एकवीस. शेवटचा हप्ता दहाव्या दिवशी दिला. सासूबाई पहिल्या दिवशी आत गेल्या तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज आला, मग त्यांचा हरिपाठ ऐकू येऊ लागला, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. उरलेल्या अकरा टाइल्स, पेटीवरच्या क्रमांकाचा कागद आणि कुठल्या भिंतीत कुठून पाइप गेला याचे टाइल्स लागण्यापूर्वी काढलेले फोटो, हे सगळे एका डब्यात घालून माळ्यावर ठेवले आहे. डब्यावर मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: खिळा ठोकण्यापूर्वी उघडा.